पान सतरावरची कोरी जागा

१२ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आईचा खोकला थांबला हे वाचून जीव भांड्यात पडला. एवढ्यातेवढ्यासाठी फोन का केला नाही, असं ती विचारेल, म्हणून आधीच सांगते. फोनवर तुम्हांला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानं भरता. आजचं काम तसं भागणारं नाही.

मी ऑफिसात कॉम्प्युटरवर रंग भरत बसते, असं तुम्ही शेजाऱ्यांना सांगता हे माझ्या कानावर आलं आहे. तसं खोटं नाही ते. आम्ही सगळ्या शहराचे तीस-तीस मीटरचे चौकोन पाडले आहेत. कुठे घरं, कुठे झाडी, कुठे शेत, कुठे पाणी, याचा प्रत्येक चौकोनाला एक रंग. असे चार वेगवेगळ्या काळांतले नकाशे एकापुढे एक ठेवले, की कोणत्या जमिनीचं पुढे काय होत गेलं ते दिसतं. त्यावरून यंत्र आणखी वीस वर्षांनी शहर कसं असेल याचा अंदाज करतं आणि कुठे पाणी तुंबेल, कुठे उन्हाचा तडाखा वाढेल, कुठली झाडी एकटी पडून मरेल, ते आकड्यात सांगतं. आकडा मोठा, तिथे धोका मोठा. चारांतला पहिला नकाशा तुमच्या मोजणीचा आहे, एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा, बेचाळीस पानांचा. बाकीचे तीन आकाशातून काढलेल्या फोटोंचे.

अंदाजावर विसंबण्याआधी त्याची परीक्षा घेतात. जुने तीन नकाशे देऊन यंत्राला आजचं शहर ओळखायला लावायचं आणि खऱ्याशी ताडून बघायचं. सगळीकडे ते पास झालं, पान सतरावर सपशेल नापास. पूर्वेकडचा तो मोठा खोलगट भाग यंत्राच्या मते रिकामी, निरुपद्रवी जमीन आहे. प्रत्यक्षात तीन वर्षांपूर्वी त्याचा एक तुकडा भरून तिथे ट्रक उभे करायला जागा केली, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात खालच्या वस्तीत घराघरांत पाणी शिरतं आहे. पाण्याचं काहीतरी त्या जागेशी आहे आणि ते आमच्या नकाशात नाही. फोटोंचा उपयोग नाही, कारण ते निरभ्र आकाश असतानाच काढता येतात. पावसाळ्यातला एकही फोटो नाही.

आता तिथे चारशे कुटुंबांसाठी घरं बांधायची आहेत. समितीची बैठक २७ फेब्रुवारीला आहे आणि धोक्याच्या अहवालावर सही माझी आहे. म्हणून विचारते, तुम्ही मोजलंत तेव्हा त्या जागी काय होतं? तुमच्या पानावर ती कोरी का आहे?

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. (बाबा, तुम्हांला खरं माहीत आहे, पण सांगा.)

माया आहेच, ती दाट राहू द्यावी.

तुमची,
ठकी


१९ जानेवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या पानावर कुणी बोट ठेवलं नाही. बेचाळीस पानांपैकी नऊ मी मोजली. बाकीच्यांच्या पानांवर वरिष्ठांचे शेरे यायचे, माझ्या पानांवर फक्त सही यायची. बाहेरच्या खोलीत जे प्रशस्तिपत्र टांगलं आहे ते तू लहानपणी पाठ करून पाहुण्यांना म्हणून दाखवायचीस. वेळेत आणि एकही जागा पाहायची न राहता पूर्ण केलेली मोजणी, असं त्यात लिहिलं आहे. तुझ्या यंत्राला ते वाचता येत असेल तर वाचायला दे.

कोरी जागा म्हणजे जिथे घर नाही, शेत नाही, रस्ता नाही, विहीर नाही. त्यात काय विचारायचं? आम्ही काट्याकुट्यांतून साखळी ओढत फिरलो. तू थंड खोलीत खुर्चीवर बसून माझं पान तपासतेस. तुझ्या यंत्राचे पाय एकदा तरी ओले झाले आहेत का, ते त्याला विचार. नापास झालं असेल तर अभ्यास कमी पडला असेल.

इकडे सर्व ठीक. माझा गुडघा हवामान खात्यापेक्षा बरा चालतो. मोजणीत माझ्याबरोबर साखळी धरणारा साखळीवाला परवा येऊन गेला. तो आता त्याच्या मुलाकडे इथेच दोन गल्ल्या पलीकडे राहतो. तुझी चौकशी करत होता.

तब्येतीस जपावे. आशीर्वाद आहेतच, मागावे लागणार नाहीत.

बाबा

ता. क. – ठके, मी आई. वरचं पत्र चौथं आहे. आधीची तीन फाडून झाली. साखळीवाल्या भाऊजींशी दार लोटून बोलत बसले होते, आणि या घरात दार लोटायची पद्धत कधीपासून आली ते मला माहीत नाही. तू विचारायचं सोडू नकोस. जेवतेस हे खोटं आहे ते मला कळलं.


२४ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसात एकटीच हसले, आणि मग बराच वेळ हसले नाही. यंत्राचे पाय ओले झालेले नाहीत हे अगदी खरं. माझेही नाहीत. ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

म्हणून काल मी खुर्चीवरून उठले. शेजारच्या टेबलावरच्या झाडंवालीला बरोबर घेतलं (ती वनस्पतींची अभ्यासक आहे, पण सगळे झाडंवालीच म्हणतात) आणि त्या जागेवर गेले. सगळीकडे वाळलेलं गवत, भेगाळलेली माती, कडेला ट्रक. मला वाटलं, बाबांचं बरोबर आहे, इथे काही नाही. झाडंवाली मात्र खाली बसली आणि गवत उपटून त्याची मुळं बघायला लागली. ती म्हणाली की हे लव्हाळं आहे, आणि वर्षातले चार-पाच महिने मुळाशी पाणी उभं असल्याशिवाय ते असं पसरत नाही. मातीत तिला शिंपले सापडले, मूठभर. ते मी माझ्या टेबलावर ठेवले आहेत.

मग मी दप्तरखान्यात गेले आणि पान सतराची मूळ कापडी प्रत मागितली. तिथल्या बाईंनी आधी मला तीन अर्ज लिहायला लावले आणि मग मी तुमची मुलगी आहे कळल्यावर चहा दिला. पान उलगडलं. बाबा, काय सुरेख हात होता तुमचा! रेघ कुठे थरथरली नाही. त्या कोऱ्या जागेत मात्र एक पेन्सिलीची अंधुक हद्द आहे, आणि मध्ये एक छोटं वर्तुळ, आत फुली. शाईत नाही. आमच्या कॉम्प्युटरमधल्या प्रतीत तर ते मुळीच नाही.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जुने मोजणीदार जिथे पुन्हा जाऊन बघायचं असेल तिथे अशी खूण करत. दुसऱ्यांदा बघून झालं की खूण खोडून शाई भरायची.

तुमची खूण खोडलेली नाही. बाबा, तुम्ही पुन्हा गेला होतात का?

मी तुम्हांला पकडायला विचारत नाही. खालच्या वस्तीत एक दाई राहते. तिनं मला भिंतीवरची ओल दाखवली, माझ्या खांद्याइतकी उंच. मला उत्तर हवं आहे.

रागावलात तरी लोभ आखडता घेऊ नये.

तुमची,
ठकी


४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. आ. वि. वि.

आठवडा झाला, तुझं पत्र यांच्या उशीखाली आहे. उत्तर लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. माझं अक्षर यांच्यासारखं नाही. समजून घे.

त्या दिवशी पत्र वाचलं आणि ताटावरून उठले. मी म्हटलं, निदान आमटी तरी संपवा, तिनं काय केलंय तुमचं? तर मला म्हणाले की ती खूण माझीच आहे. मग बाहेरच्या खोलीत जाऊन प्रशस्तिपत्र उतरवलं, पुसलं, परत टांगलं. तासाभरानं परत उतरवलं. आता ते कपाटावर उलटं ठेवलेलं आहे आणि भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला आहे. मी त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. बघ, माझ्याच्यानेही गप्प बसवतं.

ठके, मी तुला एक सांगते. लग्न झालं तेव्हा हे मोजणीवरून यायचे ते चिखलानं माखून, आणि तरी आधी वही कोरडी आहे का ते बघायचे, मग पाणी मागायचे. माझ्या पोटात तेव्हा थोडी असूया होती त्या वहीबद्दल. आपलं काम चोख आहे, एवढ्या एका गोष्टीवर या माणसानं आयुष्य उभं केलं. बढती हुकली तेव्हा, कान गेले तेव्हा, धरून ठेवायला तेच होतं. आता तू त्याच्यावरच बोट ठेवलंस. मला तुझा राग आला का? आला. दोन दिवस आला. मग तू लिहिलेल्या त्या दाईच्या भिंतीचा विचार करत भांडी घासत होते आणि राग कधी उतरला ते कळलं नाही.

यांना सोडू नकोस. पण ओढू नकोस. ते येतील. कालपासून माळ्यावरच्या पेट्या खाली काढणं चालू आहे आणि मला हात लावू देत नाहीत.

गरम कपडे घालून बाहेर पड. माझी माया तू मोजू नयेस, तुझ्या चौकोनात मावायची नाही.

आई


७ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

मोजणीची वही सापडली. सोबत पाठवतो. पान त्रेसष्ट उघड.

तू विचारलंस, मी पुन्हा गेलो होतो का. नाही.

सांगतो. आम्ही त्या भागात एप्रिलमध्ये पोचलो. जमीन वरून कोरडी होती, पण साखळीवाला मध्यभागी गुडघ्यापर्यंत रुतला. त्याला बाहेर काढताना माझी चप्पल तिथे राहिली, अजून असेल. कडेच्या झाडांच्या बुंध्यांवर पाण्याच्या रेघा दिसत होत्या. मी त्यांची उंची मोजली, वहीत आहे. जवळ गुरं चारणारा एक म्हातारा म्हणाला की पावसाळ्यात इथे माणूस बुडेल एवढं पाणी असतं आणि पलीकडच्या गावाला त्याचा थेंब जात नाही, सगळं इथेच थांबतं. नियम असा होता, की बारमाही पाणी निळ्या शाईनं दाखवायचं. पाच महिन्यांच्या पाण्याला रंगच नव्हता. मी खूण केली. पावसाळ्यात येऊन बघू, मग टीप लिहू, असं ठरवलं.

जूनमध्ये हुकूम आला की सगळी पानं पंधरा दिवसांत हवीत. सोबत एक छापील दाखला भरून द्यायचा होता, की एकही जागा पाहायची राहिलेली नाही. मी पेन हातात घेऊन बसलो ते आठवतं. एक जागा राहिली आहे असं लिहिलं असतं तर माझी नऊच्या नऊ पानं अडकली असती. वाटलं, सही करू, पावसाळ्यात जाऊन येऊ, कुणाला काय कळतंय. सही केली. मग बदली झाली. मग प्रशस्तिपत्र आलं. ते आल्यावर जाणं अवघड झालं. बघायला गेलो असतो तर राहिलं होतं हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

आता एक विनंती. तुझ्या कॉम्प्युटरच्या प्रतीत खूण उतरली नाही, असं तू लिहिलंस. म्हणजे दोष प्रत काढणाऱ्याचाही आहे. अहवालात तेवढंच लिही. खूण होती, प्रतीत आली नाही. हे खोटं नाही. दाखल्याचं कुणाला आठवत नाही आणि मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे.

उत्तराची वाट बघतो. इतकी वाट मी तुझ्या निकालांचीही पाहिली नव्हती.

बाबा


११ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वही मिळाली. पान त्रेसष्टवर चिखलाचा एक ठसा आहे, त्यावर मी बोट ठेवून बसले होते.

तुमच्या विनंतीप्रमाणे प्रत कुणी काढली, त्याची नोंद शोधली. सांगते, पण तुम्ही बसून वाचा.

अकरा वर्षांपूर्वी मी या ऑफिसात पहिल्यांदा लागले ते कंत्राटी कामावर, आठवतं? जुन्या पानांचे फोटो कॉम्प्युटरवर साफ करायचे. डाग, धूळ, घड्यांच्या रेघा पुसायच्या, शाई तेवढी ठेवायची. पान सतरापुढे माझी आद्याक्षरं आहेत. बाकीची पानं मी दहा-बारा मिनिटांत उरकली, त्यांच्यावर डाग तसेच आहेत. तुमच्या प्रत्येक पानाला मात्र मी तास-तास दिला. तुमची सही बघून मला भरून आलं होतं. बाबांचं पान सगळ्यांत स्वच्छ दिसलं पाहिजे, म्हणून एकेक ठिपका मोठा करून मी पुसत गेले. दुसऱ्या कुणी केलं असतं तर आळसानं ती खूण राहून गेली असती. ती माझ्या प्रेमानं गेली.

मी हे अहवालात लिहिलं आहे. माझ्या नावानं, तारखेसकट. मला वाटलं होतं तेवढ्यावर भागेल आणि तुमचं नाव मध्ये येणार नाही. परवा दिवसभर मी तसाच मसुदा घेऊन फिरत होते. पण आमच्या मुख्य नियोजकांनी तो वाचून एकच प्रश्न विचारला, की पेन्सिलीची खूण कुणीही कधीही केलेली असू शकते, आणि मोजणीदाराच्या सहीचा दाखला सांगतो की काही राहिलं नव्हतं. कागदावर कोण खरं? त्यांनी दाखला काढून माझ्यासमोर ठेवला. कुणाला आठवत नसलं तरी तो फाइलमध्ये आहे, बाबा.

तुमच्या वहीतले आकडे घालून मी यंत्र पुन्हा चालवलं. या वेळी ते पास झालं. खालच्या वस्तीत पाणी शिरायला लागलं ते वर्षही बरोबर आलं. तो खोलगट भाग पूर्ण भरला आणि त्यावर चारशे घरं उभी राहिली, तर दहा वर्षांच्या आत ती घरं आणि खालची साडेआठशे घरं दोन्ही पाण्यात असतील. पाण्याला थांबायला दुसरी जागाच नाही.

तुमचा दाखला फक्त तुम्ही खोटा ठरवू शकता. मी नाही, यंत्र नाही. माझी चूक मी लिहिली, पण ती एकटी पुरत नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मी बैठकीत उभी राहणार आहे आणि मला माहीत आहे ते सगळं सांगणार आहे. दाखल्याबद्दल विचारलं तर खोटं बोलणार नाही. हे तुम्हांला आधी कळावं म्हणून लिहिलं. पाठीमागून करायचं नव्हतं.

मी तुमचीच मुलगी आहे, हे विसरायचं असेल तर २७ तारखेनंतर विसरावं.

ठकी


१५ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

सोबत प्रतिज्ञापत्र आहे. वकिलाकडे जाऊन केलं. वकील तुझ्यापेक्षा लहान होता, त्यानं मला समजावलं की इतक्या वर्षांनी असं लिहून देण्याची काही आवश्यकता नाही. मी त्याला म्हणालो, तुम्ही टाइप करा.

दुसरं प्रतिज्ञापत्र साखळीवाल्याचं आहे. तो कुठे रुतला, कसा रुतला, माझी चप्पल कशी गेली, सगळं त्यानं इतकं रंगवून सांगितलं की वकिलाला दोन पानं कमी करावी लागली. दार लोटून आम्ही काय बोलत होतो ते आता तुला सांगतो. मी त्याला विचारत होतो की तुला काही आठवतं का, आणि त्यानं नाही म्हणावं अशी माझी इच्छा होती. त्याला सगळं आठवत होतं. इतकी वर्षं तो मला बोलला नाही, एवढंच.

तू पुसलंस ते मी शाईत लिहायला हवं होतं. पेन्सिलीनं लिहिलेलं पुसलं जातं, त्यासाठीच ती असते. तेव्हा रडत बसू नकोस. तुझी चूक तुझी, माझी माझी. दोन्ही लिही. माझी आधी लिही, ती आधी झाली.

आणि ते शेवटचं वाक्य तू लिहायला नको होतंस. आईनं वाचलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जणू मीच लिहिलं होतं.

पाठीशी आहे. यापुढे ते शब्दांत लिहीत बसणार नाही.

बाबा

ता. क. – पत्र पहिल्याच झटक्यात लिहिलं, एकही फाडलं नाही. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. – आई


२ मार्च

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

निकाल कळवते. जिंकले म्हणावं असं नाही, हरलेही नाही.

मी उभी राहिले. आधी बाबांचं प्रतिज्ञापत्र वाचलं, मग साखळीवाल्या काकांचं, मग माझं टिपण. माझा आवाज बाबांच्या चपलेपर्यंत नीट होता, कारण तिथे सगळे हसले. बांधकामाच्या बाजूच्या माणसानं विचारलं, की बाप खोटा दाखला देतो, मुलगी खुणा पुसते, या घराण्याच्या तिसऱ्या कागदावर विश्वास का ठेवायचा? मी म्हणाले, ठेवू नका, पावसाळ्यात येऊन स्वतः बघा. तेच ठरलं. पावसाळ्यात पाहणी होईपर्यंत निर्णय थांबला. माझ्या सेवापुस्तकात ताकीद लागली आहे. यंत्राचं काम काढून झाडंवालीकडे दिलं, आणि मला शिक्षा म्हणून बेचाळीसच्या बेचाळीस पानांवरच्या खुणा शोधायला बसवलं. गंमत म्हणजे इतरांच्या पानांवर मी आळस केला होता, म्हणून तिथे त्या सापडतात. अकरा सापडल्या.

पण मला झोप लागत नाही ती ताकिदीमुळे नव्हे. बाहेर पडताना जिन्यात एक शिंपीण भेटली. घरांच्या यादीत तिचं नाव आहे. नऊ वर्षं ती, नवरा, सासू आणि दोन मुलं एका खोलीत राहतात, मशीन दारात ठेवून शिवते. तिनं मला अडवलं आणि म्हणाली की तुम्हांला डबकं सापडलं आणि आमची घरं हरवली. ओरडली नाही. मी काही बोलायच्या आत निघून गेली. मी बरोबर केलं, याबद्दल मला शंका नाही. पण बरोबर केलं की हलकं वाटतं असं मला वाटायचं. तसं नसतं.

बाबा, पाहणीच्या वेळी साक्षीदार म्हणून तुम्हांला बोलावलं आहे. गुडघ्याला विचारून ठेवा.

दोघांचा लोभ मला सध्या जरा जास्त लागतो आहे. कमी पडू देऊ नये.

ठकी


१८ ऑगस्ट

चि. सौ. मंडळींस,

तुला पत्र लिहायची वेळ बत्तीस वर्षांनी आली, त्यामुळे वर काय लिहितात ते विसरलो. नमस्कारच करतो. तू वयानं लहान असलीस तरी तुला चालेल.

फोनवर तू विचारत होतीस ते मला ऐकू आलं नाही, मी नुसतं हो हो म्हणालो. म्हणून सविस्तर लिहितो.

पाहणी बारा तारखेला झाली. समितीचे पाच जण, मुख्य नियोजक, वस्तीतली दाई, यादीतली ती शिंपीण आणि आम्ही. पाऊस चार दिवस लागून होता. ठकीनं मला काठावर खुर्ची आणून ठेवली होती. मी बसलो नाही. कमरेला दोर बांधून काठी घेऊन उतरलो. ती आई आहे का मुलगी आहे ते कळू नये इतकी ओरडली, मग स्वतःच मागून उतरली. तीस पावलांवर पाणी छातीला लागलं, तिथे थांबलो. एक मीटर वीस. बगळे होते, पाणकोंबड्या होत्या. म्हाताऱ्या गुराख्यानं सांगितलं होतं तसं सगळं पाणी तिथेच थांबलेलं होतं. समितीतला एक जण बूट काढून घोट्यापर्यंत आला आणि परत गेला. त्याला तेवढं पुरलं.

मला वाटलं होतं की मला फार लाज वाटेल. पाण्यात उभं असताना लाज वाटत नाही, थंडी वाटते.

काल निर्णय आला. ती जागा भरायची नाही, ट्रकच्या तळाखालचा भराव उकरून काढायचा. घरं बंद पडलेल्या काचकारखान्याच्या आवारात होतील. ती जमीन उंच आहे, पण लहान. तीनशे वीस घरं बसतात. ऐंशी कुटुंबं राहिली. शिंपीण त्या ऐंशींत आहे.

ठकी काल संध्याकाळी तिच्याकडे जाऊन आली. मी बरोबर गेलो. मी म्हटलं होतं, कशाला जातेस, ती चार शब्द सुनावेल. ठकी म्हणाली, म्हणूनच जायचं. शिंपिणीनं सुनावलं. मग आम्हांला बसायला मशीनसमोरचं स्टूल दिलं, एकच होतं, त्यावर मी बसलो. ठकीनं तिला पानं दाखवली. पेन्सिलीच्या अकरा जागांपैकी पाच आम्ही या आठवड्यात पाहिल्या. तीन पाणथळ निघाल्या. चौथीत काही नाही. पाचवी पश्चिमेला आहे, कडक मुरमाची, उंच, पाण्याचा मागमूस नाही. त्या वेळच्या मोजणीदाराला तिथे कुत्रं मागे लागलं होतं, तसं त्यानं दप्तरखान्यातल्या त्याच्या वहीत प्रामाणिकपणे लिहिलं आहे, आणि तो परत गेला नाही. एकोणचाळीस वर्षं ती जागा अनिश्चित म्हणून सोडून दिलेली. झाडंवालीनं यंत्रावर घालून पाहिलं. तिथे चाळीस घरं निर्धोक बसतात.

शिंपिणीनं हिशेब लगेच केला. म्हणाली, अजून चाळीस राहिली. ठकी म्हणाली, अजून सहा जागा बघायच्या आहेत.

मला वाटतं, या पोरीनं मला हरवलं आहे, आणि त्याचं मला एवढं बरं वाटतंय की कुणाला सांगू नकोस.

माझं परतीचं तिकीट रद्द केलं आहे. जाडा स्वेटर, वाचायचा चष्मा आणि गुडघ्याचं तेल साखळीवाल्याबरोबर पाठव. तोही येतो आहे, त्याला म्हणावं जुने बूट आण, चपला नकोत. तुला यावंसं वाटलं तर तूही ये. इथे स्वयंपाक कोण करतं ते मी लिहीत नाही, तू हसशील.

उद्या सहावी जागा. सगळ्या पाहून झाल्या की येतो. या वेळी सही त्यानंतर.

आहे तो लोभ आहे तसाच राहू दे, मला त्याची सवय झाली आहे.

तुझा,
मोजणीदार